गुळाची ढेप की एक किलोचं पाकीट? : धंद्याच्या निर्णयाआधीचं संशोधन

'रिसर्च मेथडॉलॉजी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते सबमिशन. आदल्या रात्री आणलेले पन्नास झेरॉक्स फॉर्म, रूमवर जमलेली चौकडी, कुणाच्या हातात निळं पेन, कुणाच्या हातात काळं. अक्षर सारखं दिसू नये म्हणून एकजण डाव्या हातानेही टिकमार्क करतो. सकाळपर्यंत पाय चार्ट तयार! 'अठ्ठ्याहत्तर टक्के ग्राहकांनी समाधान व्यक्त केले.' व्हायवा होते, मार्क पडतात, फाईल रद्दीत जाते. कुणाचं काही बिघडत नाही.

पण त्याच पाय चार्टवर विश्वास ठेवून कुणी सहा लाखांचं कर्ज काढलं तर?

हा लेख त्या 'तर' साठी आहे. धंद्यातल्या संशोधनाची व्याख्या पुस्तकात लांबलचक असते. तिचा सोपा अर्थ एवढाच, की पैसे अडकवण्याआधी, कमी खर्चात, आपण कुठे चुकतोय हे शोधून काढायचं. यातला 'चुकतोय' हा शब्द महत्त्वाचा. आपलं म्हणणं बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी केलेला सर्व्हे म्हणजे संशोधन नव्हे, ती जाहिरात झाली.

नुसत्या व्याख्या देण्यापेक्षा एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. उदाहरण कल्पित आहे, त्यातले गुऱ्हाळाचे आकडेही हिशोबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत. प्रश्न मात्र अगदी खरा आहे.

उदाहरण

पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना उरुळी कांचन मागे पडलं, की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. दौंड तालुक्याचा हा पट्टा कालव्याच्या पाण्यावरचा आणि उसाचा. ऊस कारखान्याला जातो तसा गुऱ्हाळालाही जातो. हंगामात या भागातून एस.टी.ने गेलात तर खिडकीतून आत येणारा चुलवाणाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास, एवढ्यावरून तालुका ओळखता येतो.

समजा, आपल्या हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या घरचं कासुर्डीला गुऱ्हाळ आहे. गुळव्या चांगला आहे, गूळ उत्तम होतो. माल दहा किलोच्या ढेपांमध्ये भरून अडत्याकडे जातो आणि पट्टी येईल तो भाव घ्यावा लागतो. मित्र सुट्टीत घरी गेला आणि वडिलांना म्हणाला, "दादा, आपण ढेपा बंद करू. एक किलोची पाकिटं करू, केमिकल न घालता. पुण्यात लोक जास्त पैसे द्यायला तयार आहेत."

वडिलांनी विचारलं, "कोण लोक?"

मित्राकडे उत्तर नव्हतं. 'कोण लोक?' हा दोन शब्दांचा प्रश्न म्हणजे अर्धी रिसर्च मेथडॉलॉजी आहे.

१. निर्णय आधी, प्रश्न नंतर

आपली पहिली चूक अशी, की आपण थेट प्रश्नावली लिहायला बसतो. आधी लिहायचा असतो तो निर्णय. कोण ठरवणार, कधीपर्यंत ठरवणार, आणि पर्याय कोणते?

इथे निर्णय असा: येत्या हंगामाआधी साचे, पॅकिंग मशीन, स्वच्छ शेड आणि लेबल यांसाठी सहा लाख रुपये कर्ज काढायचं की नाही?

आता साधा हिशोब मांडा. दोन वर्षांचं व्याज धरून एकूण ७ लाख २० हजार फेडायचे आहेत असं मानू. पॅकिंग, मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन वजा जाता पाकिटातल्या गुळावर ढेपेपेक्षा किलोमागे १२ रुपये जास्त सुटतात असंही मानू. ७,२०,००० भागिले १२ म्हणजे ६०,००० किलो. दोन हंगामांचे मिळून ४०० दिवस धरले तर रोज १५० पाकिटं खपली पाहिजेत.

बघा, प्रश्न कसा बदलला! 'लोकांना केमिकल नसलेला गूळ आवडेल का?' हा मूळ प्रश्न होता. आता तो झाला, 'या भावाला रोज १५० पाकिटं, तीही सतत दोन हंगाम, खपतील का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेच 'हो' देतात. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' सुद्धा येऊ शकतं, म्हणून तो विचारण्यासारखा.

इथे एक नियम वहीत लिहून ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी आपला निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. आपल्या प्रोजेक्टमधले निम्मे प्रश्न या एका नियमाने गळतील.

२. आधी कुणी मोजून ठेवलंय का?

स्वतः गोळा केलेली माहिती ती प्राथमिक, आणि दुसऱ्याने आधीच गोळा करून ठेवलेली ती दुय्यम. नाव 'दुय्यम' असलं तरी सुरुवात तिथूनच करायची, कारण ती स्वस्त असते.

आपल्या उदाहरणात ती कुठे मिळेल? गुळाचे रोजचे बाजारभाव कृषी पणन मंडळाकडे मिळतात. मंडळाचं मुख्यालय पुण्यात गुलटेकडीलाच आहे. गूळ बनवण्याची आणि टिकवण्याची शास्त्रीय माहिती महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे आहे. घरातल्या मागच्या पाच वर्षांच्या पट्ट्या हीसुद्धा दुय्यम माहितीच, आणि ती तर कपाटात पडून असते.

कायद्याची माहितीही यातच येते. पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या गुळावर तो नाही. म्हणजे ढेपेवरून पाकिटावर जाताना कराचा प्रकारच बदलतो. शिवाय खाद्य परवाना, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख हे सगळं लेबलवर आलं. चालू वर्षाचा दर आणि नियम तपासल्याशिवाय '१२ रुपये सुटतात' हा आकडा खरा मानू नये. एक दुपार खर्च करून कळणारी ही गोष्ट कर्ज घेतल्यावर कळली तर महागात पडते.

हे बाजार-संशोधन म्हणजे अमेरिकेतून आलेलं एमबीएवाल्यांचं खूळ आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वि. रा. गाडगीळ यांच्याबरोबर केलेली पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मध्ये कोण-कोण असतं आणि प्रत्येकाच्या हाती काय पडतं, हा त्या प्रकारच्या पाहणीचा गाभा. हेच धनंजयराव पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखाना १९५० साली सुरू झाला. आधी बाजार मोजणारा माणूस नंतर कारखान्याच्या खुर्चीवर बसला, हे उदाहरण आपल्याच भागातलं आहे.

३. आधी ऐका, मग मोजा

काय मोजायचं हेच नीट माहीत नसेल तर आकडे गोळा करून उपयोग नाही. म्हणून पहिली पायरी असते चाचपणीची. दहा-बारा माणसांशी निवांत बोलायचं, टिकमार्क न करता.

मित्राने कुणाशी बोलावं? किराणा दुकानदार, अडत्या, गुळव्या, चहाच्या टपरीवाला, मिठाईवाला, घरात खरेदी करणाऱ्या काकू. प्रश्न थोडे, ऐकणं जास्त. "काका, मागच्या पावसाळ्यात गूळ कसा विकला गेला?" एवढं विचारून गप्प बसलं तर दुकानदार सांगेल, की पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, पाकीट चिकट होतं, गिऱ्हाईक परत आणून देतं आणि तो परतावा कुणी घ्यायचा यावरून भांडण होतं. परताव्याचा हा खर्च आपल्या १२ रुपयांच्या हिशोबात होता का? नव्हता. कोणत्याही तयार प्रश्नावलीतून तो निघाला नसता, कारण प्रश्नावलीत आपल्याला सुचलेलेच प्रश्न असतात.

मात्र दहा गप्पांवरून 'साठ टक्के दुकानदार म्हणतात' असं लिहू नका. चाचपणीतून प्रश्न मिळतात, टक्केवारी नाही.

४. विचारायचं कुणाला?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ती खरी ठरते, पण केव्हा? भात सगळीकडे सारखा शिजला असेल तेव्हा. तळाला लागलेला आणि वर कच्चा असलेला भात एका शितावरून कळत नाही. नमुना निवडण्याचं सगळं शास्त्र या फरकाभोवती फिरतं.

याचं एक सुरेख उदाहरण आपल्या शेजारीच आहे. हॅरॉल्ड मॅन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून आले. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्याआधी चहाच्या संशोधनात होते. दख्खनच्या शेतकऱ्याची खरी स्थिती काय, याबद्दल तेव्हा मतं पुष्कळ होती, मोजणी थोडी होती. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळचं एक गाव घेतलं आणि जमीन, पिकं, कर्ज, कुटुंबांची मिळकत असं सगळं मोजलं. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर! आज तिथे टॉवर आणि आयटीवाल्यांचे फ्लॅट आहेत. अभ्यास १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आला. जुनी दफ्तरं आणि नवी मोजणी यांची सांगड घालून त्यांनी दाखवलं, की गावातली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. दफ्तर म्हणजे दुय्यम माहिती, मोजणी म्हणजे प्राथमिक. दोन्ही एकत्र आल्या तेव्हाच हा आकडा बोलू लागला.

पण आपल्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. पिंपळे सौदागर पुण्याला आणि खडकीला लागून. तिथल्या लोकांना शहरातलं काम मिळायचं. मग हे एक गाव सगळ्या दख्खनचं प्रतिनिधी मानायचं का? ही शंका मनात धरून मॅन यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर दुसरं गाव निवडलं, शहराच्या प्रभावापासून दूरचं आणि कोरडवाहू. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कासुर्डीहून मुळा-मुठा आणि भीमा ओलांडून पलीकडे गेलं की शिरूर तालुका लागतो, इतकं ते जवळ. हा दुसरा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही नुसत्या शेतीवर बहुतेकांचं भागत नाही, हेच दिसलं. पहिला निष्कर्ष आता जास्त भक्कम झाला. तो भक्कम झाला, कारण तो खोटा ठरण्याची शक्यता जिथे जास्त होती अशा जागी मॅन स्वतःहून गेले.

आता आपल्याकडे बघा. मित्र सर्व्हे कुणाचा करणार? हाताशी असलेल्या हॉस्टेलच्या पोरांचा. पण हॉस्टेलवर गूळ विकत कोण आणतो? मेसचा काँट्रॅक्टर! पोरांची मतं कितीही प्रामाणिक असली तरी ती गुळाच्या गिऱ्हाइकाची मतं नाहीत. याला 'सोयीचा नमुना' म्हणतात. सोय आपली असते, नमुना कशाचाच नसतो.

मेसचंच दुसरं उदाहरण घ्या. रात्री मेसमध्ये जेवणाऱ्यांना विचारलं, 'जेवण कसं आहे?' बहुतेक म्हणाले, 'बरं आहे.' पण ज्यांना अजिबात आवडत नव्हतं त्यांनी डबा लावला, ते मेसमध्ये नव्हतेच! आपण फक्त टिकून राहिलेल्यांना विचारलं. धंद्यात जुन्या गिऱ्हाइकांनाच मत विचारणारा नेमका असाच फसतो.

मग करायचं काय? आधी यादी करा. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या रस्त्यावरच्या किराणा दुकानांची यादी, समजा ४० दुकानांची. चिठ्ठ्या टाकून त्यातली १० काढा. ओळखीचं दुकान आलं तर आलं, नाही तर नाही. चिठ्ठीला ओळख कळत नाही, हाच तिचा गुण.

घरोघरचा सर्व्हे करायचा तर नमुना किती मोठा हवा? चिठ्ठी पद्धतीने निवड केली असेल तर ९५ टक्के विश्वासपातळीवर, १० टक्के इकडे-तिकडे चालत असेल तर ९६ घरं पुरतात. चूक ५ टक्क्यांवर आणायची तर ३८४ लागतात. अचूकता दुप्पट हवी असेल तर नमुना चौपट लागतो. पण हे गणित फक्त योगायोगाच्या चुकीचं आहे. चुकीच्या लोकांना विचारलंत तर ३८४ काय आणि ३८४० काय, चूक तेवढीच राहते, फक्त आपला आत्मविश्वास वाढतो. ते जास्त धोक्याचं.

५. विचारायचं कसं?

'केमिकल नसलेला, शुद्ध, आरोग्यदायी गूळ घ्यायला तुम्हाला आवडेल का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस मला दाखवा! उत्तर प्रश्नातच भरून ठेवलंय. त्यात विचारणारा कॉलेजचा मुलगा, उन्हातून आलेला. माणसं त्याचं मन मोडत नाहीत. पाणी देतात, 'हो' म्हणतात, दार लावतात आणि कोपऱ्यावरून नेहमीचा सुटा गूळ आणतात.

त्यापेक्षा झालेल्या गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात घरात गूळ आणला का? किती? कुठून? किलोला किती पडला? कुणी आणला? पाकीट होतं की सुटा? शेवटचं पाकीट संपल्यावर पुन्हा तेच आणलं का? 'पुढे काय कराल' याला कल्पनाशक्ती लागते, 'मागे काय केलंत' याला आठवण लागते. आठवणही चुकते, पण कल्पनेपेक्षा कमी.

आणखी तीन पथ्यं. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. 'चव आणि किंमत योग्य वाटते का?' याचं 'हो' नेमकं कशाला? उत्पन्न, वय असे प्रश्न शेवटी घ्या. आणि फॉर्म छापण्याआधी पाच जणांवर करून बघा. पाचातले दोन जण एखाद्या प्रश्नापाशी अडखळले तर दोष त्यांचा नाही, प्रश्नाचा.

६. मोजमापातली लबाडी, न कळत केलेली

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना पीक कापणी प्रयोग माहीत असेल. शेतात चिठ्ठी पद्धतीने ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून तोलतात आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढतात. या पद्धतीच्या उभारणीत पांडुरंग सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुढे १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते.

तुकडा किती मोठा असावा, यावर तेव्हा वाद होता. लहान तुकडा स्वस्त पडतो, वेळ कमी लागतो. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या मापांची तुलना करून १९४० च्या दशकात दाखवलं, की फार लहान तुकडे घेतले तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण मजेशीर आहे. तुकड्याच्या कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? मोजणारा नकळत ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा मोठा, म्हणून फुगवटाही मोठा. कुणी लबाडी केली नाही, तरी आकडा फुगला!

आपल्या गुळाच्या प्रयोगात ही 'कडेची रोपं' कोणती? मित्राच्या मामाने घेतलेली पाच पाकिटं. वर्गातल्या पोरांनी हौसेने घेतलेली दहा. दुकानदाराने स्वतःच्या घरी नेलेली दोन. ती विक्रीत धरायची की नाही, हे मोजायला सुरुवात करण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर हात आपोआप 'धरा' कडे वळतो.

७. सगळ्यात चांगला प्रश्न : पाकीट आणि पैसे

माणूस काय म्हणतो आणि खिशात हात घालताना काय करतो, यात अंतर असतं. कोकाकोला कंपनीने १९८५ मध्ये जुनी चव बदलण्याआधी सुमारे दोन लाख लोकांच्या चव-चाचण्या घेतल्या होत्या. नवी चव जास्त जणांना आवडली. २३ एप्रिलला नवा कोक आला आणि गिऱ्हाइकांच्या संतापामुळे ७९ दिवसांत, ११ जुलैला, जुना परत आणल्याची घोषणा करावी लागली. नमुना लहान नव्हता. पण 'घोटभर पिऊन कोणता आवडला?' हा प्रश्न वेगळा आणि 'तुमचा नेहमीचा कोक यापुढे मिळणार नाही, चालेल?' हा वेगळा.

म्हणून शक्य असेल तिथे छोटा प्रयोग करा. मशीन न घेता, घरीच हाताने पाकिटं भरून, नियमाप्रमाणे परवाना आणि लेबलसह, चिठ्ठीने निवडलेल्या १० दुकानांत चार आठवडे ठेवा. भाव तोच ठेवा जो पुढे ठेवायचा आहे. 'ओळख म्हणून' स्वस्तात दिलंत तर तुम्ही स्वस्ताईची मागणी मोजाल, गुळाची नव्हे. खर्च समजा १५ हजार. सहा लाखांच्या निर्णयाआधी १५ हजारांची ही फी महाग नाही.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. हा प्रयोग जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर केला तर गूळ खपणारच! तो पाकिटामुळे खपला की तिळगुळामुळे, हे कसं कळणार? म्हणून त्याच दुकानांतल्या सुट्या गुळाची विक्रीही बरोबर लिहून घ्यायची. दोन्ही वाढले तर श्रेय सणाचं. सुटा आहे तिथेच राहिला आणि पाकीट वाढलं, तरच श्रेय पाकिटाचं असण्याची शक्यता.

८. हिशोब, आणि आधी ठरवलेला नियम

प्रयोग सुरू करण्याआधी मित्राने आणि वडिलांनी एका कागदावर तीन ओळी लिहून खाली सही करावी:

चौथ्या आठवड्यात दुकानामागे रोज सरासरी ५ किंवा जास्त पाकिटं : कर्ज काढायचं. (१५० पाकिटांना ३० दुकानं पुरतील, एक टेम्पो फिरू शकेल.)

२ पेक्षा कमी : विषय बंद.

मधे काही आलं : मशीन न घेता हाताने पॅकिंग, आणखी दुकानांत प्रयोग.

चौथाच आठवडा का? पहिल्या आठवड्यात लोक नवलाईने घेतात. घरातलं पाकीट संपल्यावर पुन्हा तेच घेणारा, तो खरा गिऱ्हाईक.

समजा निकाल असा आला: पहिल्या आठवड्यात दुकानामागे रोज ६ पाकिटं, चौथ्यात ३. मित्र पहिला आकडा सांगेल, अडत्या दुसरा. आपण काय म्हणायचं? चौथ्या आठवड्यात दहा दुकानांची सरासरी ३ आणि प्रमाण विचलन दीड असेल, तर सरासरीची प्रमाण त्रुटी १.५ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.४७. दहा दुकानांसाठी टी-कोष्टकातला आकडा २.२६. गुणाकार केला की सुमारे १.१ येतो. म्हणजे खरी सरासरी साधारण १.९ ते ४.१ च्या दरम्यान असावी.

हे दुकानांच्या भाषेत मांडा. रोज १५० पाकिटं खपवायला ३७ ते ७९ दुकानं लागतील. यादीत होती ४०! म्हणजे अगदी नशीब जोरावर असलं तरी जवळजवळ प्रत्येक दुकान हवं, नसलं तर दुप्पट रस्ता, दुसरा टेम्पो, आणखी डिझेल. मग १२ रुपये १२ राहणार नाहीत. वरचं टोक ४.१ धरलं तरी ते ५ च्या खालीच. निकाल स्पष्ट आहे. यंदा कर्ज नाही. हाताने पॅकिंग, आणखी दुकानं, आणि पावसाळ्यात पाकीट कसं टिकतं ते बघायचं.

गूळ चांगला नव्हता का? होता. चार आठवड्यांनंतरही दुकानामागे रोज तीन पाकिटं निघत होती. अडचण चवीची नव्हतीच, टेम्पोची होती. 'लोकांना आवडेल का?' एवढंच विचारलं असतं तर ही अडचण दिसलीच नसती.

९. शेवटचं

या सगळ्यात फार अवघड गणित कुठेच नव्हतं. फर्स्ट इयरच्या मुलालाही ते जमेल. अवघड आहे ती एकच गोष्ट, 'नाही' ऐकण्याची सोय आधीच करून ठेवणं. निर्णय आधी लिहिणं, चिठ्ठीवर निवड सोडणं, खरा भाव लावणं, कडेची रोपं आधी ठरवणं, नियमाखाली सही करणं, या सगळ्या पद्धती मुळात त्यासाठीच आहेत. कारण आपली कल्पना आपल्याला आवडत असते आणि आवडत्या गोष्टीविरुद्ध पुरावा शोधायला कुणाचेही पाय उचलत नाहीत. मॅन पिंपळे सौदागरवर थांबू शकले असते. ते जातेगावला गेले.

आता पुन्हा त्या सबमिशनच्या रात्रीकडे येऊ. डाव्या हाताने भरलेले ते पन्नास फॉर्म आपण का भरतो? वेळ नसतो, सर तपासत नाहीत, सगळेच करतात, ही कारणं मलाही पाठ आहेत. पण त्या फॉर्मचा खरा तोटा मार्कांत नाही. आपण स्वतःच भरलेल्या फॉर्ममधून आपल्याला माहीत नसलेली एकही गोष्ट बाहेर येऊ शकत नाही. आणि ती सवय आपण कॉलेजबाहेर घेऊन जातो. चार वर्षांनी कंपनीत, दुकानात किंवा घरच्या गुऱ्हाळावर कुणीतरी आपल्या शब्दावर सही करणार असतं. ती सही बहुतेक वेळा वडिलांची असते आणि खाली गहाण असते ती जमीन.

तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला पन्नास खोट्या फॉर्मांऐवजी बारा खरे आणा. फाईलमध्ये प्रामाणिकपणे लिहा, 'नमुना लहान आहे, निष्कर्ष मर्यादित आहेत.' व्हायवाला सर विचारतील, "बाराच का?" तेव्हा सांगा, "सर, बारा जण खरंच भेटले."

आणि सुट्टीत घरी गेल्यावर एखादी भन्नाट कल्पना सुचलीच, तर ती कुणाला सांगण्याआधी स्वतःला एकदा विचारा: कोण लोक?